एस्टोनियन बोलताना "असतं तर" दर वेळी का चुकतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

दर रविवारी एस्टोनियातल्या टार्टू शहरात आम्ही चार-पाच मराठी मंडळी सरावाला बसतो, कोणी युनिव्हर्सिटीत शिकायला आलंय, कोणी आयटीत आहे, एक ताई नवऱ्याच्या नोकरीमुळे आल्यात आणि आता स्वतः बी-१ ची (म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीची) परीक्षा देणारेत. आणि दर रविवारी तोच प्रॉब्लेम. विभक्त्या चौदा आहेत, त्या रडतखडत जमतात, शब्द पाठ होतात, पण "वेळ असता तर आले असते" असलं साधं वाक्य आलं की सगळे अडकतात, किंवा न अडकता बोलतात आणि समोरच्याला भलतंच समजतं, जे जास्त वाईट. मी स्वतः दोन वर्षं ही चूक करत होते. आता जे समजलंय ते एकदा नीट लिहून ठेवते म्हणजे दर वेळी परत सांगायला नको.

आधी एक, मी इथे एस्टोनियन शब्द देवनागरीतच लिहितेय. आपल्या "आ"ची खूण म्हणजे त्यांचा छोटा "आ", पुढे अवग्रह (ऽ) दिसला की स्वर लांबवायचा, "ॲ" म्हणजे बॅटमधला. आणि रोमन स्पेलिंगमधला "जे" कायम "य" उच्चारायचा, त्यामुळे पुस्तकात "माजा" वाटणारा शब्द प्रत्यक्षात "माया" आहे, आणि माया म्हणजे घर. मला हा शब्द पहिल्या दिवसापासून आवडलाय.

आता प्रॉब्लेम नक्की काय ते बघू. एस्टोनियनमध्ये "असतं तर, झालं असतं तर" यासाठी क्रियापदाला "क्स" लागतो. तुलेन म्हणजे मी येते, तुलेक्सिन म्हणजे मी आले असते. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आणि मग आणखी एक रूप आहे, ओलेक्सिन तुल्नुद, त्याचाही अर्थ पुस्तकात बघितला तर मराठीत "मी आले असते"च होतो. इथेच गाडी रुळावरून घसरते.

कारण मराठीत आपल्याला हे दोन वेगळे करायची सवयच नाही. "मला गाडी असती तर मी आले असते." हे वाक्य मी आज संध्याकाळच्या कार्यक्रमाबद्दल बोलू शकते आणि मागच्या महिन्यातल्या लग्नाबद्दलही, वाक्यात एक अक्षर बदलत नाही, ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. एस्टोनियन माणसाला मात्र संदर्भावर सोडून चालत नाही, त्याला क्रियापदातच सांगावं लागतं. आजची गोष्ट असेल तर "कुइ मुल ओलेक्स आउतो, तुलेक्सिन मा." गेलेली गोष्ट असेल तर "कुइ मुल ओलेक्स ओल्नुद आउतो, ओलेक्सिन मा तुल्नुद." आणि आपल्या डोक्यात "आले असते" मध्ये "आले" हा भूतकाळ दिसतो ना, त्यामुळे आपण हमखास दुसरं रूप उचलतो. शंभरातल्या नव्वद वेळा चूक याच दिशेने होते, उलटी चूक मी मराठी माणसाकडून क्वचितच ऐकली.

आता कोणी म्हणेल की काय फरक पडतो, समजून घेतील की. नाही घेत. माझ्याबरोबर काय झालं ते सांगते. जूनमध्ये इथे यानिपॅएव असतो, २४ जून, आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे गावाकडच्या घरी जातात, मोठी शेकोटी पेटवतात, रात्रभर उजेड असतो. एका सहकारी बाईने मला तिच्या सुविलावर, म्हणजे उन्हाळ्यातल्या घरावर, बोलावलं. माझं त्याच संध्याकाळी एक काम होतं, पण ते हलवता आलं असतं, आणि मला जायचं होतं खरं तर खूप. मी मराठीतून विचार करून लिहिलं, "ओलेक्सिन तुल्नुद, कुइ मुल ओलेक्स ओल्नुद आएगा." माझ्या मनात होतं, वेळ असता तर आले असते गं, म्हणजे आग्रह कर, काहीतरी जमवू. तिने वाचलं, तेव्हा वेळ मिळाला असता तर आले असते, म्हणजे विषय संपलेला, दार बंद. तिने "काही हरकत नाही" एवढंच लिहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मला भाषा जरा बरी यायला लागल्यावर तिला विचारलं, तर ती म्हणाली मला वाटलं तू आधीच नाही ठरवून टाकलंयस. मी "तुलेक्सिन, कुइ मुल ओलेक्स आएगा" लिहिलं असतं तर ती म्हणाली असती मग उशिरा ये, बस किती वाजता आहे बघू. एका "नुद"मुळे एक यानिपॅएव गेला.

म्हणून मी आता सगळ्यांना एकच टेस्ट करायला लावते. "असता, असते, असतं" तोंडातून निघायच्या आधी मनात त्याच वाक्यात एक शब्द घालायचा, "आत्ता" किंवा "तेव्हा". "मला आत्ता वेळ असता तर", मग फक्त क्स, दोन्ही बाजूंना साधा क्स. "मला तेव्हा वेळ असता तर", मग ओलेक्स आणि पुढे नुदवालं रूप, दोन्ही बाजूंना. उद्याची परवाची गोष्टसुद्धा "आत्ता"मध्येच धरायची, कारण एस्टोनियनमध्ये वेगळा भविष्यकाळ नाहीच, वर्तमानच तिकडे वापरतात. ही टेस्ट पहिले दोन-तीन आठवडे खूप हळू वाटते, बोलताना मध्येच थांबावं लागतं, थांबा, इथले लोक वाट बघतात, त्यांना गप्प बसायचं अजिबात वावडं नाही.

तीन वाक्यं एका ओळीत ठेवून बघा म्हणजे जास्त स्पष्ट होईल. "तुलेन, कुइ मुल ओन आएगा", वेळ मिळाला तर येते, खरंच येऊ शकते. "तुलेक्सिन, कुइ मुल ओलेक्स आएगा", आत्ता वेळ नाहीये, असता तर आले असते, पण मन आहे. "ओलेक्सिन तुल्नुद, कुइ मुल ओलेक्स ओल्नुद आएगा", झालं गेलं. ही तीन वाक्यं आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी पाठ केलीत, आणि बाकी कुठलंही वाक्य बनवताना आधी ह्यातलं कुठलं ते ठरवायचं.

मिक्स पण होतं अर्थात. "काल जास्त झोपले असते तर आज इतकी दमले नसते." पहिला अर्धा तेव्हाचा, दुसरा आत्ताचा. "कुइ मा ओलेक्सिन एइले रोह्केम मागानुद, एइ ओलेक्स मा तॅना नी वॅसिनुद." आता इथे दुसऱ्या अर्ध्यातही नुद दिसतोय आणि लगेच कोणीतरी विचारणार की मग हा पण भूतकाळच का. तर नाही, वॅसिनुद म्हणजे दमलेली, ते इथे विशेषणासारखं बसलंय, जसं "मी दमलेली आहे". ओलेक्स हे त्यातलं क्रियापद, बास. ही शंका मला पण आली होती आणि कितीतरी दिवस उत्तर मिळालं नव्हतं.

दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा लपून बसलेली आहे. मराठीत आपण म्हणतो "उद्या पाऊस पडला तर मी घरी थांबेन." पडला! पाऊस अजून पडायचाय आणि क्रियापद भूतकाळी रूपात. आपल्याला हे कधी खटकत नाही कारण जन्मापासून असंच बोलतो, पण एस्टोनियनमध्ये तेच रूप उचललं तर गोंधळ होतो. बरोबर वाक्य आहे "कुइ होम्मे सायाब, यॅऽन मा कोयु", दोन्हीकडे वर्तमानकाळ. तुम्ही सायाबच्या जागी सादास टाकलंत तर "कुइ"चा अर्थच बदलतो, कारण "कुइ" म्हणजे जर पण आहे आणि जेव्हा पण आहे, आणि भूतकाळ दिसला की ते सरळ "जेव्हा" समजतात.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच. हिवाळ्यात एकदा त्यांना बरं नव्हतं. मी त्यांना मेसेज केला, मला म्हणायचं होतं तुम्ही फोन केलात तर मी लगेच येईन. मी लिहिलं, "कुइ सा हेलिस्तासिद, मा तुलेन कोहे." हेलिस्तासिद म्हणजे तू फोन केलास. म्हणजे वाक्य झालं, तू फोन केलास तेव्हा... मी येतेय लगेच. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "मा एइ हेलिस्तानुद." मी फोन केला नाही. मी धावत खाली गेले तर त्या दारात उभ्या, फोन हातात, काळजीत, की मी चुकून फोन लावला का काय, हिला उगाच यायला लागलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की हे व्याकरणाच्या वहीतलं काही नाहीये, समोर माणूस आहे. बरोबर वाक्य किती साधं होतं बघा, "कुइ सा हेलिस्ताद, तुलेन मा कोहे." हेलिस्ताद, वर्तमान. (आजींना मी खरं तर "ते" म्हणजे तुम्ही म्हणायला हवं होतं, पण त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की मला "सा", म्हणजे तू, म्हण. इथे वयाने मोठ्या माणसाने तसं सांगितल्याशिवाय "सा" म्हणू नका.)

तर उपाय, मराठी वाक्यात "तर"च्या आधी भूतकाळी रूप आलं, पडला तर, केलंस तर, मिळालं तर, आणि गोष्ट खरोखर घडू शकणारी असली, तर मनात ते आधी "पडतो तर, करतेस तर, मिळतं तर" करून घ्या. मराठीत ते विचित्र वाटतं, माहीत आहे. मग भाषांतर करा.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते कारण ती शोधायला मला खूप वेळ लागला. मराठीत "जर... तर" अशी जोडी आहे आणि एस्टोनियनमध्ये "कुइ... सीस" अशी जोडी आहे, हुबेहूब, सगळ्यांना वाटतं वा काय सोपं आहे. पण आपण बोलताना काय करतो? "जर" गाळतो. "पाऊस पडला तर थांबेन", "तो आला तर सांग", जर कुठेच नाही, "तर" मात्र सोडत नाही. एस्टोनियनमध्ये बरोब्बर उलटं आहे, पहिला शब्द ठेवतात, दुसरा गाळतात. कुइ लागतोच, सीस नसला तरी चालतो. आपण सवयीने कुइ गाळून सीस ठेवतो, "होम्मे सायाब, सीस यॅऽन कोयु", आणि सीसचा अर्थ "मग" पण आहे, त्यामुळे ते वाक्य होतं "उद्या पाऊस पडतो, मग मी घरी थांबते." शर्तच गायब, तुम्ही हवामानखात्यासारखं सांगून मोकळे. म्हणून सुरुवातीला कुइ म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कुइ गाळायची एकच चांगली पद्धत आहे आणि ती मराठीतही आहे. "असते पैसे, तर घेतलं असतं घर", क्रियापद सुरुवातीला आणून. तसंच "ओलेक्स मुल राहा, ओस्ताक्सिन माया." क्रियापद पुढे आल्यावर कुइची गरज उरत नाही. पण हे असतं तर प्रकारातच करा, साध्या जर-तरमध्ये नको, तिथे क्रियापदाने सुरू झालेलं वाक्य लोकांना प्रश्न वाटू शकतं.

आणि शब्दांचा क्रम. कुइचा भाग आधी आला आणि स्वल्पविराम झाला (स्वल्पविराम कंपल्सरी) की पुढच्या भागात क्रियापद पहिलं घ्या, मग कर्ता. "तुलेन मा", "यॅऽन मा", "ओलेक्सिन मा तुल्नुद". बोलताना लोक "सीस मा तुलेन" असं सर्रास म्हणतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही, पण लिहिताना क्रियापद आधी घ्यायची सवय लावून घ्या.

रूप बनवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे पुस्तकात सापडतं. शब्दकोशात क्रियापद "मा"ने संपणारं असतं, तेगेमा, लुगेमा, मिनेमा. त्याला क्स लावायचा नाही. आधी "मी" चं वर्तमानकाळी रूप काढायचं, तेऽन (करते), लोएन (वाचते), लॅहेन (जाते), त्यातला शेवटचा न काढून क्सिन लावायचं, तेऽक्सिन, लोएक्सिन, लॅहेक्सिन. तेगेक्सिन, मिनेक्सिन असलं काही नसतं. बाकीच्यांसाठी शेपूट बदलतं, सा (तू) तुलेक्सिद, ता (तो, ती) तुलेक्स, मे (आम्ही) तुलेक्सिमे, ते (तुम्ही) तुलेक्सिते, नाद (ते लोक) तुलेक्सिद. लोकांच्या तोंडी "मा तुलेक्स" असं शेपूट गाळलेलं रूप रोज ऐकाल, "मा" स्पष्ट म्हटलं असेल तर ते चालतं, पण "मा" पण गाळलंत आणि "इन" पण गाळलंत तर कोण येणार तेच कळणार नाही. नुदवाली रूपं पाठच करा, त्यात थोडी वेडीवाकडी आहेत, तेगेमाचं तेइनुद, मिनेमाचं लॅइनुद, नॅगेमाचं (बघणे) नॅइनुद. शंका आली की एस्ती केऽले इन्स्तितूत म्हणजे त्यांच्या भाषा संस्थेचा ऑनलाइन शब्दकोश आहे, फुकट आहे, क्रियापद टाकलं की सगळी रूपं समोर येतात, मी अजूनही रोज उघडते.

वर्तमानपत्रात "तुल्नुक्सिन" असलं रूप दिसेल, घाबरू नका, ते ओलेक्सिन तुल्नुदच आहे, एका शब्दात गुंडाळलेलं. वाचता आलं म्हणजे झालं.

एक सुखाची गोष्ट पण सांगते. मराठीत मी आले असते, तो आला असता, ते मूल आलं असतं, लिंगाप्रमाणे सगळं बदलतं. इथे काही नाही. "ता" म्हणजे तो पण आणि ती पण, ओलेक्स तुल्नुद सगळ्यांना एकच.

नकार मात्र चुकतो, आणि परत मराठीमुळेच. आपलं नसतो-नसते-नसतास-नसतो आम्ही, सगळं बदलतं, म्हणून आपण "एइ तुलेक्सिन" म्हणतो. चूक. "एइ" लागला की क्रियापदाचं शेपूट गळून पडतं, मा एइ तुलेक्स, मे एइ तुलेक्स, नाद एइ तुलेक्स, सगळ्यांना तेच. गेलेल्या गोष्टीसाठी एइ ओलेक्स तुल्नुद, किंवा बोलताना नुसतं पोलेक्स तुल्नुद, ते जास्त सहज वाटतं. "गाडी लेट झाली नसती तर मी आधी आले असते", "कुइ रोंग पोलेक्स हिलिनेनुद, ओलेक्सिन मा वारेम तुल्नुद." रोंग म्हणजे रेल्वेगाडी. आणि नकारात कर्माची विभक्ती पण बदलते हे विसरू नका, पुस्तक घेतलं असतं म्हणताना ओस्ताक्सिन राऽमातु, घेतलं नसतं म्हणताना एइ ओस्ताक्स राऽमातुत. ताई यात दर वेळी शेवटचा "त" विसरतात, आणि मी दर वेळी टेबलावर बोटाने टकटक करते.

मग तो क्सचा गोंधळ. क्स दिसला की सगळ्यांना वाटतं "असतं तर" आलं. पण नामाला पण क्स लागतो, ती एक विभक्ती आहे, काहीतरी बनणं, किती काळासाठी, असल्या अर्थाने. "ता साऽक्स आर्स्तिक्स", साऽक्स हे क्रियापद, आर्स्तिक्स म्हणजे डॉक्टर (या रूपात), वाक्याचा अर्थ तो डॉक्टर झाला असता. एकाच वाक्यात दोन क्स, दोघांचं काम वेगळं. "तुले कोहे, मुइदु यॅऽमे हिल्याक्स", लगेच ये नाहीतर उशीर होईल, इथे हिल्याक्समधला क्स क्रियापदाचा नाहीच. तेऽक्स तर दोन्ही असू शकतं, केलं असतं, किंवा "तेऽ" म्हणजे रस्ता किंवा चहा, त्याची विभक्ती. आणि सगळ्यात डोकं खाणारा योऽक्सिन. मा योऽक्सिन वेत्त, मी पाणी प्यायले असते. मा योऽक्सिन कोयु, मी धावत घरी गेले. प्यायच्या क्रियापदाचं क्सवालं रूप आणि धावायच्या क्रियापदाचा साधा भूतकाळ, दोन्ही सारखेच लिहितात. पुढचा शब्द बघा, पाणी आहे का घर आहे, लगेच कळतं.

आता इंग्रजीबद्दल. आपल्यातले बहुतेक जण ॲप आणि पुस्तकं इंग्रजीतून वापरतात, आणि मला वाटतं त्यामुळे निम्म्या चुका वाढतात. "इफ आय हॅड मनी" मध्ये हॅड दिसतो म्हणून लोक "कुइ मुल ओली राहा, ओस्ताक्सिन" म्हणतात, एका बाजूला भूतकाळ आणि एका बाजूला क्स. मराठीतून गेलात तर ही चूक होणारच नाही, कारण "पैसे असते तर घेतलं असतं", आपल्याकडे दोन्ही बाजूंना "असतं" आहे, आणि एस्टोनियनलाही दोन्ही बाजूंना क्स लागतो. तसंच "तो येईल का माहीत नाही". इंग्रजीतून विचार केला तर तिथे पण इफ, म्हणून लोक कुइ टाकतात. मराठीत तिथे "का" आहे, आणि एस्टोनियनमध्ये "कास" आहे, "मा एइ तेआ, कास ता तुलेब." का असेल तर कास, तर असेल तर कुइ. एवढं सोपं. "माझ्याकडे आहे"ला पण मुल ओन, आपल्यासारखंच, मला आवडतंला मुल्ले मेऽल्दिब, त्यातही कर्ता "मला". इतकी जवळची भाषा असताना मध्ये तिसरीला कशाला आणायचं? (आमच्या ग्रुपमधला एक मुलगा म्हणतो मला इंग्रजीतूनच सोपं जातं. जाऊ दे, पण कास आणि कुइ त्याचे अजूनही चुकतात.)

जिथे मराठीत "-ावं" येतं तिथेही बऱ्याचदा क्सच येतो, हे कुठल्याच पुस्तकात आपल्यासाठी लिहिलेलं नाही. मी यावं असं तिला वाटतं, "ता ताहाब, एत मा तुलेक्सिन." मला समजावं म्हणून जरा हळू बोला, "पालुन रॅऽकिगे आएग्लासेमाल्त, एत मा आरु साऽक्सिन." हे दुसरं वाक्य पहिल्या दिवशीच पाठ करा, दवाखान्यात, ऑफिसात, बसमध्ये सगळीकडे लागतं, आणि लोक खरंच हळू बोलतात. अजून एक गंमत, आपलं "म्हणे" असतं ना, तो येणार म्हणे, त्याला यांच्याकडे क्रियापदाचंच वेगळं रूप आहे, ता तुलेवात. आणि येऊ दे त्याला, ता तुल्गु. मला हे कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं होतं.

विनंतीत पण क्स. मराठीत आपण भविष्यकाळ वापरून नम्र होतो, चहा मिळेल का, मदत कराल का. इथे भविष्यकाळ नाही म्हणून आपण वर्तमानावर येतो, "मा ताहान कोह्वि", मला कॉफी हवी, आणि ते जरा आडदांड लागतं. "मा सोऽविक्सिन कोह्वि" म्हणा. "कास ते साऽक्सिते मिंद आइदाता?", मला मदत कराल का. मुल्ले मेऽल्दिक्स, मला आवडेल. सूत्र असं की मराठीत नम्रपणाचा "-ेल" किंवा "-ाल" आला की क्स लावून बघायचा. तसंच पेआक्सिन, "मा पेआक्सिन मिनेमा" म्हणजे मला जायला हवं (पण कदाचित थोडा वेळ बसेनही), आणि "मा पेआन मिनेमा" म्हणजे मला जावंच लागेल. पाहुणे म्हणून गेलात तर दोन्हीतला फरक लक्षात ठेवा, पहिलं म्हटलंत तर अजून एक कप येतो. आणि जायला हवं होतं, गेले नाही, तर "ओलेक्सिन पिदानुद मिनेमा".

"जरी"चं राहिलं. पाऊस पडला तरी जाईन, अजून पडलेला नाही, इसेगि कुइ. पाऊस पडतोय तरी जातेय, खिडकीतून दिसतोय, कुइगि. दोन्हींना आपण "तरी" म्हणतो म्हणून चुकतं, खिडकीतून बघा आणि ठरवा.

आणि "तुझ्या जागी मी असते तर असं केलं नसतं", हे वाक्य मराठी माणूस दिवसातून एकदा तरी बोलतोच, त्याचं लांबलचक भाषांतर करत बसू नका, "मिना सिनु आसेमेल एइ तेऽक्स सेदा". इथे पण परत तीच टेस्ट, समोरच्याने अजून केलेलं नाही, आत्ता सल्ला देताय, तर तेऽक्स. करून बसलाय, तर एइ ओलेक्स तेइनुद. गेल्या रविवारी ताईंनी हेच वाक्य एका शेजारणीला म्हटलं, ती घर बदलायचा विचार करत होती, अजून सही केली नव्हती. ताई म्हणताना मध्येच थांबल्या, हळूच "आत्ता" असं मराठीत पुटपुटल्या, आणि मग म्हणाल्या, एइ तेऽक्स. शेजारीण म्हणाली, का बरं? आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या.